नादारीला जाताना काय घालावे

२ मार्च, सोमवार

ही वही हिने आणून दिली. म्हणाली, "मनात ठेवून बसू नका, लिहीत जा." मी म्हटलं, माझ्या मनात काहीही नाही. म्हणाली, "मग कोरी ठेवा." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आमची ही स्वभावाने साधी आहे, कसली शंका म्हणून घ्यायची नाही.

मनात आहे ते असं: माझं दिवाळं वाजलं आहे.

हे वाक्य लिहून मी उठलो, पाणी प्यालो, दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि परत येऊन बसलो. वाक्य तिथंच होतं.

आमचा धंदा नाटकाचे कपडे भाड्याने देण्याचा. राजे, शिपाई, भुतं, डॉक्टर, पऱ्या, सगळे हँगरवर. दुकान खाली, घर वर. शिवते ही, बोलतो मी. वर्षानुवर्षं छान चाललं होतं. मग मी हत्ती घेतला.

चार माणसांचा हत्ती आहे. दोघं पुढच्या पायांत, दोघं मागच्या. कान दोरीने हलतात, नळीत फुंकलं की सोंड वर जाते. एक सिनेमावाला म्हणाला होता, "हत्ती घ्या, वर्षभर मलाच लागणार आहे." मी कर्ज काढून घेतला. सिनेमावाला गेला तो गेलाच. हत्तीचे हप्ते भरायला कार्ड वापरलं, ते कार्ड भरायला दुसरं कार्ड काढलं, दुसरं भरायला पतपेढीत गेलो. ज्याच्या दारी हत्ती झुलतो तो श्रीमंत, असं म्हणतात. माझा दारात मावतच नाही. आत उभा आहे आणि त्याला वळसा घातल्याशिवाय मोरीकडे जाता येत नाही.

हिला यातलं काही माहीत नाही आणि कळूही द्यायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

५ मार्च, गुरुवार

वकिलाकडे जाऊन आलो. हिला सांगितलं, दाढ दुखतेय, दाताच्या डॉक्टरकडे चाललोय. खोटं बोलायला दाढेसारखी जागा नाही. बाहेरून दिसत नाही आणि कुणी हात लावून बघत नाही.

काय घालून जावं याचा मी फार विचार केला. नादारीचा अर्ज करणारा माणूस नादार दिसायला हवा, एवढं तर धंद्याने शिकवलंच आहे. राजाचं काम करणारा लेंगा घालून रंगमंचावर येत नाही. आमच्याकडे भिकाऱ्याचे तीन पोशाख आहेत. पहिला फार भडक. दुसऱ्याबरोबर कुबडी येते आणि ती मला आखूड पडते. तिसरा घातला. त्याची ठिगळं हिने इतकी सुबक लावली आहेत की माणूस खानदानी भिकारी वाटतो.

वकिलाच्या ऑफिसात टेबलाशी बसलेल्या बाईंनी मला बघितलं, स्वतःचा डबा उघडला आणि त्यातला पाव माझ्या हातावर ठेवला. मी म्हटलं, "माझी वेळ ठरली आहे." त्या म्हणाल्या, "हो हो, पण आधी खाऊन घ्या." वर एक नाणंही दिलं. इतक्या मायेने दिलं, नको कसं म्हणणार?

वकील तरुण आहे, काडीसारखा, आणि बोलताना सारखा गळ्याशी हात नेतो. त्याने मला नखशिखांत न्याहाळलं.

"तुमचा कपड्यांचाच धंदा ना?"

"हो."

"मग हे असं..."

"मुद्दाम," मी म्हटलं.

त्याने कपाळाला हात लावला आणि म्हणाला, "अहो, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही म्हणतात. तुम्ही तर गरिबीचंही आणायला निघालात. कोर्टात कपडे बघत नाहीत, कागद बघतात. आता नीट ऐका. अर्ज करायच्या आधी जे जे आहे ते सगळं लिहायचं, सुईदोऱ्यासकट. कुणाकडून येणं असेल तर तेही. काही लपवायचं नाही, कुणाच्या नावावर करायचं नाही. नातेवाइकांना आधी फेडून बाकीच्यांना टांग मारायची नाही. नवी उधारी बंद, कार्डं आजच कात्रीने कापा. एवढं सरळ वागलात तर न्यायाधीश कर्जातून मोकळं करतील. राहतं घर वाचेल, पोटापाण्याची हत्यारं वाचतील. म्हणजे शिलाई मशीन. पण शपथेवर एक गोष्ट जरी लपवली, तर अर्ज फेटाळतील. मग घरही जाईल आणि मशीनही."

मशीन हिचं आहे. आमच्या लग्नाच्याही आधीपासूनचं. 

"बायकोला माहीत आहे ना?" त्याने विचारलं.

"नाही."

"सांगावं लागेल. तिचं उत्पन्न अर्जात लिहायचं असतं. तिची सही लागेल."

म्हटलं, बघतो.

निघताना त्याचा काळा गाऊन खुंटीवर दिसला. काय शिवला होता! खांद्यावरच्या चुण्या अशा एकसारख्या की बोट फिरवावंसं वाटावं. अशा चुण्या आमच्या हिच्याशिवाय कुणाला जमत नाहीत असं मी आजवर समजत होतो. गावात दुसरंही कुणी तेवढं चांगलं शिवणारं आहे हे बघून थोडं वाईटच वाटलं.

ते नाणं उत्पन्नात धरायचं का, हे विचारायचं राहिलं.

घरी आलो तर ही म्हणाली, "काय म्हणाले?"

"कीड आहे. पण काढता येईल म्हणाले."

"मग काढून टाका एकदाची," ही म्हणाली. "मुळापासून."

७ मार्च, शनिवार

कार्डं कापली. कात्री हिची कापडाची होती, तिने प्लॅस्टिक कापलं म्हणून ही ओरडेल असं वाटलं. ही फक्त म्हणाली, "धार गेली तरी चालेल."

वकिलाला एक गोष्ट सांगितली नव्हती. त्याने विचारलं होतं, "गेल्या काही महिन्यांत कुणा नातेवाइकाला पैसे दिलेत?" मी म्हटलं, छे. पण गेल्याच महिन्यात मी मेहुण्याचे पैसे फेडले आहेत. गल्ल्यात जे शेवटचं होतं ते सगळं. पतपेढी पत्र पाठवते. मेहुणा घरी येऊन जेवतो आणि जेवता जेवता आठवण करतो. कुणाला आधी द्यावं हे कुणीही सांगेल.

आज त्याच्याकडे गेलो. म्हटलं, "ते पैसे परत दे. मला नको, सगळ्या पैसे मागणाऱ्यांत वाटायचे आहेत."

मेहुणा हसला आणि तेव्हा मला दिसलं. वरची अख्खी रांग नवी, पांढरीशुभ्र.

"पैसे इथे आहेत भावोजी," त्याने दातांवर नख वाजवलं. नव्या दातांमुळे त्याच्या बोलण्यात बारीक शीळ वाजते. "काल दाखवायला गेलो होतो. ताई म्हणाली तुम्हीही दाढेसाठी त्याच डॉक्टरांकडे जाता. मी विचारलं. ते म्हणाले, असा माणूस कधी आलाच नाही."

मी लगेच म्हटलं, माझा डॉक्टर वेगळा आहे, स्वस्तातला. त्याला पटलं. दिवाळ्याचं त्याला थोडक्यात सांगितलं आणि बजावलं, ताईला बोलायचं नाही. "नाही हो, मी कशाला सांगतोय," तो म्हणाला आणि लांबलचक शीळ वाजली.

आपलेच दात आणि आपलेच ओठ म्हणतात. इथे दात त्याचे आहेत, पैसे माझे आहेत आणि ओठ कुणाच्याच ताब्यात नाहीत.

११ मार्च, बुधवार

फोनवर वकिलाला दातांचं सांगितलं. पलीकडे त्याने कागद चाळले. मग म्हणाला, "लिहा. दात काढायचे की ठेवायचे ते अधिकारी ठरवतील." बोलण्याच्या ओघात हेही म्हणाला की अंगावरचे, रोजच्या वापरातले कपडे कुणी काढून घेत नाही.

रोजच्या वापरातले! हे आधी का नाही सांगितलं?

संध्याकाळी सम्राटाचा मखमली झगा घालून जेवायला बसलो. सगळ्यात महागाची वस्तू तीच आहे. आठवडाभर रोज घातली की आपोआप रोजच्या वापरातली होईल. ही वाढायला आली, माझ्याकडे बघितलं, मुकुटाकडे बघितलं आणि ताटात आमटी वाढली.

"गार वाटतंय जरा," मी म्हटलं.

"डोक्यालाही?"

"डोक्याला जास्त."

 जेवण झाल्यावर एवढंच म्हणाली, "महाराज, भांडी घासायची आहेत. बाह्या वर करा." मखमलीच्या बाह्या वर राहत नाहीत हे मला इतकी वर्षं धंद्यात असून माहीत नव्हतं.

१२ मार्च, गुरुवार

वकिलाला ही युक्ती सांगितली. तो ओरडला. झगा पुन्हा हँगरवर लावला. आमटीचा डाग गेलेला नाही, म्हणजे किंमतही कमी झाली. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

१७ मार्च, मंगळवार

दिवसभर मालाची मोजदाद केली. हिला म्हटलं, झुरळांसाठी औषध मारायचं आहे म्हणून सगळं बाहेर काढतोय. ही म्हणाली, "बरं," आणि न सांगता मदतीला आली. एकेका कपड्याच्या गळ्याच्या आत हिने लाल दोऱ्याने नंबर भरलेला असतो. ती नंबर सांगत गेली, मी लिहीत गेलो. झुरळं मोजून मारतात का, असं तिने विचारलं नाही. बिचारी.

दोन वस्तू सापडेनात. समुद्री चाच्याच्या डोळ्यावरची पट्टी आणि २१२ नंबरचा वकिलाचा काळा गाऊन.

"गाऊन कॉलेजच्या नाटकाला गेला होता," ही म्हणाली. "चार वर्षं झाली. एक लाजराबुजरा मुलगा घेऊन गेला. हाडं मोजून घ्यावीत असा. तुम्ही त्याच्याकडून अनामतही घेतली नव्हती, म्हणालात चेहरा प्रामाणिक आहे."

मला आठवत नाही. यादीत दोन्हींपुढे 'हरवले' असं लिहिलं.

एक सांगायचं राहिलं. हल्ली हिच्या मशीनवर परक्या लोकांचे कपडे दिसतात. कुणाच्या पँटी, कुणाचे पडदे. गल्लीतली सगळी उसवलेली दुनिया आमच्याकडे येते. विचारलं तर म्हणाली, "हात मोकळा राहिला की बोटं आखडतात." छंद असावा माणसाला.

२४ मार्च, मंगळवार

आज मालमत्ता बघणारे अधिकारी येऊन गेले. मी त्यांना मनातल्या मनात मोजणीसाहेब म्हणतो, कारण आल्या आल्या त्यांनी खिडकीच्या गजांपासून सुरुवात केली. वकील कोर्टातून तसाच गाऊन घालून आला होता. मेहुण्यालाही बोलावलं होतं, दात दाखवायला. ही नेमकी बाजारात गेली होती. माझं नशीब थोर!

मोजणीसाहेबांनी आधी दात बघितले. मेहुण्याने आ केला. साहेबांनी बॅटरी मारली, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "बसवलेले आहेत. हप्त्याने रक्कम भरा. हसणं कमी करा, झिजतील."

मग हत्ती. साहेब म्हणाले, "बाहेर काढा, पूर्ण बघायचा आहे." मी सांगितलं, हा उचलून निघत नाही. सांगाडा आहे, दारातून फक्त चालत निघतो. आत चार माणसं शिरली की पोट आवळलं जातं आणि मगच बाहेर पडतो. साहेबांनी माणसं मोजली. मी, मेहुणा, वकील.

"चौथा?" वकिलाने विचारलं.

साहेबांनी बूट काढले.

मी आणि मेहुणा पुढे, वकील आणि साहेब मागे. मेहुण्याने सोंडेत फुंकलं तर शीळ वाजली. आम्ही दारातून तिरके निघालो, रस्त्यावर आलो, आणि वळताना मागचे पाय एका दिशेला गेले, पुढचे दुसऱ्या. आतून साहेबांचा आवाज आला, "डावा! सगळ्यांनी डावा! एक, दोन!" हळूहळू आमची चाल जमली. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या बाईंनी आपल्या लेकराला उचलून दाखवलं. आम्ही औषधाच्या दुकानापर्यंत गेलो आणि परत आलो. खरं तर साहेबांना नुसता बघायचा होता, दारातूनच परत फिरलो असतो तरी चाललं असतं. पण तेच म्हणाले, "अजून थोडं पुढे."

बाहेर आल्यावर साहेब घामाघूम होते आणि त्यांचा चेहरा उजळला होता. त्यांनी लिहिलं, 'हत्ती, एक. विकला जाण्याजोगा नाही. ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा.' मग म्हणाले, "कान मला हलवता येत होते का?"

"दोरी मागेच असते साहेब."

"अरेरे," साहेब म्हणाले. खरोखर हळहळले.

एक गोष्ट शेवटी लिहायची ठेवली आहे. हत्तीत शिरताना वकिलाने गाऊन काढून माझ्या हातात दिला होता. धंद्याची सवय, मी तो खांद्यांत धरून हँगरला लावला. गळ्याच्या आत लाल दोरा होता. २१२.

२६ मार्च, गुरुवार

दोन दिवस याच विचारात आहे. यादीत मी 'हरवले' असं लिहिलंय. आता हरवलेलं नाही. माझ्याच वकिलाच्या अंगावर आहे. चार वर्षांचं भाडंही त्याच्याकडून येणं आहे. तो स्वतःच म्हणाला होता, कुणाकडून येणं असेल तर तेही लिहा.

पण लिहू कसं? हा मुलगा माझी फी थोडी थोडी करून घेतोय. परवा हत्तीचा मागचा उजवा पाय झाला. त्याच्या तोंडावर कसं सांगू की बाबा, तू ज्या गाऊनमध्ये प्रामाणिकपणा शिकवतोस तो माझा आहे? आणि नाही सांगितलं तर शपथ खोटी होईल. खोटी शपथ म्हणजे अर्ज गेला, अर्ज गेला म्हणजे मशीन गेलं. हिच्याशिवाय मशीन मी बघितलेलं नाही, आणि मशीनशिवाय ही कशी दिसेल ते मला बघायचं नाही.

असू दे. एक गाऊन तो काय! कुणाला कळणार? झाकली मूठ.

वहीच्या पानांत बिस्किटाचा चुरा सापडला. दुकानात उंदीर झाले वाटतं. हिला सांगितलं तर म्हणाली, "उंदीर नाही, झुरळं असतील. तुम्ही मोजली होतीत ना?"

३० मार्च, सोमवार

आज हिला सांगितलं. सही लागणार होती, पर्याय नव्हता. सकाळपासून भाषण पाठ करत होतो. सुरुवात अशी होती, 'आयुष्य हा एक रंगमंच आहे.' हिच्यासमोर उभा राहिलो आणि तोंडून निघालं, "दाढ दुखत नव्हती."

ही पँटला चेन लावत होती. मशीन थांबवलं.

"मला वाटलं होतं," म्हणाली. "आज कुठली असेल म्हणून मोजत होते. बत्तीसच्या पुढे गेलात."

"दिवाळं निघालंय आपलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"हत्ती आला त्या दिवशी वाटलं. पहिला हप्ता चुकला त्या दिवशी कळलं. पतपेढीचा माणूस आधी वर येतो, मग खाली. तुम्ही दुकानात लपत होतात ना, भुतांच्या मागे, तेव्हा त्याला चहा मी देत होते."

मग तिने मशीनच्या खणातून कागद काढला. उत्पन्नाचं पान. उसवलेली पँट, पडदे, चेन, काज, सगळं महिन्यावार भरलेलं, खाली सही. छंद नव्हता तो.

मी खुर्चीवर बसलो. मला रडू आलं, इथे लिहायला हरकत नाही. म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते," ही म्हणाली. "भिकारी होऊन गेलात, मी गप्प. राजा होऊन जेवलात, मी गप्प. म्हटलं, कधीतरी नवरा होऊन येईल."

भांडली असती तर बरं झालं असतं. तिने चेन पूर्ण लावली, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "कोर्टात काय घालणार आहात?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. माझ्या कपाटात माझं असं काहीच नाही. कोट डॉक्टरचा, पँट मास्तरची, सदरे सगळे भाड्यातले. कुणी परत आणून टाकले की मी घालायचो, कुणी मागितले की द्यायचो.

"बघू," ही म्हणाली आणि माझ्या छातीला टेप लावला. उगाच, तिला माप पाठ आहे.

७ एप्रिल, मंगळवार

सकाळी हिने शर्ट दिला. साधा, पांढरा. निघताना म्हणाली, "तिथे काही आठवलं तर बोलून टाका. भीड भिकेची बहीण." मी तिच्याकडे बघितलं. तिला कशाबद्दल म्हणायचं होतं कोण जाणे. तिच्या पदराला बिस्किटाचा चुरा होता. मग कळलं कोण जाणे ते.

म्हणजे ही वही. अख्खी. अगं, वाचतेस तर वाच, पण चुरा झाडत जा.

न्यायाधीश एक बाई होत्या, चष्मा डोक्यावर सरकवलेला. एका बाजूला मोजणीसाहेब, दुसऱ्या बाजूला आमचा वकील, गाऊन घालून, गळ्याशी हात. मागच्या बाकांवर मेहुणा तोंड मिटून बसला होता. ही दिसली नाही. मशीनवर काम होतं म्हणून येणार नव्हती.

न्यायाधीशबाईंनी यादी वाचली. हत्तीपाशी थांबल्या, साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "मी स्वतः आतून पाहणी केली आहे." दातांपाशी थांबल्या. मेहुणा उभा राहिला. त्यांनी हाताने बसायला सांगितलं.

"शपथेवर सांगा," त्या मला म्हणाल्या, "तुमचं जे काही आहे ते सगळं या यादीत आलं?"

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात वकिलाने खांद्यावरून गाऊन सारखा केला आणि त्या चुण्या दिसल्या. त्या चुण्या घालताना हिची बोटं कशी चालतात ते मला डोळे मिटूनही दिसतं. आणि त्या चुण्यांवर मी शपथेने पाणी सोडणार होतो, एका काडीसारख्या पोराची भीड वाटते म्हणून.

"एक वस्तू राहिली आहे बाई," मी म्हटलं. "ती माझ्या वकिलांच्या अंगावर आहे."

कोर्टात कुणीतरी खोकलं. वकिलाचा हात गळ्याशीच राहिला.

"नंबर २१२," मी म्हटलं. "गळ्याच्या आत लाल दोऱ्याने आहे. चार वर्षांपूर्वी नाटकासाठी नेला होता."

वकील लालबुंद झाला. मग त्याने गाऊन काढला, आतला गळा उलटा करून दाखवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "नाटकात मला एकच वाक्य होतं. पण हा घातल्यावर पहिल्यांदाच सगळ्यांनी मला ऐकून घेतलं. परत करायचाच होता. उशीर झाला तसं भाडं वाढलं, भाडं वाढलं तशी भीती वाढली. मग ते दुकान ज्या रस्त्याला आहे त्या रस्त्यानेच जाणं सोडलं. हे अर्ज घेऊन आले तेव्हा वाटलं, फुकट काम करून फेडावं. तेही बोलायचा धीर झाला नाही."

भाडं वाढलं तशी भीती. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मोजणीसाहेबांनी कॅल्क्युलेटर काढला होता. चार वर्षांचं रोजचं भाडं. त्यांनी आकडा बाईंना दाखवला. बाईंनी चष्मा डोळ्यांवर ओढला, परत बघितला आणि वकिलाला विचारलं, "भरता येतील?"

"नाही."

"मग तुम्हालाही एखादा चांगला वकील बघावा लागेल."

सगळं कोर्ट हसलं. मेहुणाही हसला, शीळ घुमली. वकील शेवटी स्वतःच हसायला लागला. बाईंनी गाऊन आणि त्याचं भाडं यादीत चढवायला सांगितलं, हप्ते लावून दिले. मग माझ्याकडे वळल्या.

"आणि हा तुमच्या अंगावरचा शर्ट? तोही यादीत धरायचा का?"

माझा हात आपोआप गळ्याच्या आत गेला. नंबर चाचपडत होतो. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. बोटांना काही लागेना. हिच्या हातून नंबर घालायचा कधी राहत नाही. 

"तो यादीत नाही," मागून आवाज आला. ही दाराशी उभी होती, हातात टेप तसाच. "तो भाड्याचा नाही. त्यांचाच आहे. मी शिवलाय."

बाईंनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला. अर्ज मंजूर. घर राहिलं, मशीन राहिलं.

वकिलाने गाऊन घडी करून हिच्या हातात दिला. पुढचा अशील आत येत होता आणि हा उघडाबोडका उभा. हिने दोन क्षण विचार केला आणि गाऊन परत त्याच्या अंगावर टाकला.

"एका दिवसाचं भाडं," म्हणाली. "रोख. अनामतही."

१७ एप्रिल, शुक्रवार

दुकान सुरू आहे, लहान प्रमाणात. पाटीवर आता 'कपडे दुरुस्ती' वर आणि 'नाटकाचे पोशाख' खाली. मीच सुचवलं. ही म्हणाली, अक्षरं तरी सारखी काढा.

मोजणीसाहेब काल स्वतः येऊन गेले. त्यांच्या ऑफिसच्या कार्यक्रमासाठी हत्ती हवा आहे. भाडं आगाऊ भरलं. तीन माणसं ठरली आहेत म्हणाले, मागचा डावा त्यांचा स्वतःचा. कान हलवायचा सराव करायला उद्यापासून संध्याकाळी येणार आहेत.

आज पहाटेपासून दाढ ठणकतेय. खरी. गाल सुजलाय. हिला सांगितलं तर म्हणाली, "कुठल्या वकिलाकडे चाललात?"

मी आ करून दाखवलं. तिने बॅटरी आणून बघितलं आणि हसत सुटली. भिंतीला टेकून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मीही हसलो, दुखत होतं तरी. शर्ट घातला, खाली उतरलो, तर ही दाराला कुलूप लावून चपला घालून तयार.

"तू कशाला येतेस? दाताचाच डॉक्टर आहे."

"असू दे," ही म्हणाली. "आता कुठेही गेलात तरी मी बरोबर."